‘उना नही’ : एका गाण्याच्या कामाच्या नोंदी

12 जानेवारी 2025, अमळनेर

नवी फाइल उघडली. नाव सुचेना, म्हणून नुसती तारीख टाकली. एरवी आमच्याकडे फाइलला गिऱ्हाइकाचं आडनाव असतं आणि पुढे हळद, वरात, बारसं अशी खूण. हे काम कुणी सांगितलेलं नाही. मुदत माझी मीच घालून घेतली आहे: आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, 30 एप्रिल. त्या दिवशी माझ्या मित्राच्या घरी त्याच्या नावाची पहिली घागर भरली जाईल. तोवर हे गाणं व्हायला हवं.

तो आमच्या बँजो पार्टीतला ढोलकीवाला. चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या गावचा, साडेतीन एकर कपाशी आणि थोडी केळी. अकरा वर्षं आम्ही एकाच टेम्पोतून हिंडलो, धरणगाव, शिरपूर, शहादा, पार नवापूरपर्यंत. गेल्या भादव्यात त्याने आपलं आयुष्य संपवलं. कसं आणि कुठे, ते या नोंदींत येणार नाही. गाण्यातही येणार नाही.

भाषा अहिराणी. त्याच्याशी मी दुसऱ्या कुठल्या भाषेत कधी बोललोच नाही.

19 जानेवारी

पहिला मसुदा चार कडव्यांचा झाला. दिलदार, जिवाभावाचा, सगळ्यांना हसवणारा. रात्री मोठ्याने वाचला आणि चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सची आठवण झाली. त्यावर कुणाचाही फोटो लावता येईल.

तो हट्टी होता. उसने पैसे मागितले की विषय बदलायचा. ढोलकीला कुणी हात लावला तर दोन दिवस बोलायचा नाही. आणि लग्नघरात जेवणं आटोपली, की आचाऱ्याच्या पोराला शोधून त्याला आधी ताट वाढायला लावायचा. हे एवढं सगळं ज्या गाण्यात मावत नाही ते त्याचं गाणं नव्हे. चारही कडवी खोडली.

27 जानेवारी

दुसरा मसुदा नुसत्या प्रश्नांचा. प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘काबर’. काबर गया, काबर बोलना नही, काबर मालेच सांगं नही. चाल दहा मिनिटांत लागली, भैरवीच्या अंगाने. लग्नाचं गाणं एवढ्या लवकर जमलं असतं तर मी खूश झालो असतो. इथे मनात पाल चुकचुकली.

दोन दिवस ऐकल्यावर कळलं काय होतंय ते. मुखड्यात प्रश्न टाकला की अंतऱ्याला उत्तर द्यावं लागतं, गाण्याची ठेवणच तशी असते. तिसऱ्या अंतऱ्यापर्यंत ऐकणारा कारणाची वाट बघायला लागतो आणि लिहिणारा ते बनवून देतो. गावात तेच झालं. कुणी सोसायटीचं कर्ज सांगितलं, कुणी घरातली कुरबूर, कुणी दारू. ज्याला जे सोयीचं त्याने ते उचललं. या विषयातले डॉक्टर सांगतात की आत्महत्येमागे सहसा एकच एक कारण नसतं. आजारपण, ताण, पैसा, एकटेपण, त्या घडीला आलेला उमाळा, असं बरंच काही एकत्र येतं. मला ते पटतं. तरी हाताने ‘काबर’ लिहिलंच.

चाल ठेवली नाही. अशी चाल एकदा डोक्यात बसली की ती कुणालातरी दोषी धरूनच थांबते.

3 फेब्रुवारी

रात्री दोनला 14416 वर फोन केला. टेली-मानस, सरकारची फुकट सेवा, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे आणि चोवीस तास चालते. मराठीत बोलता येतं. मी म्हटलं, मला झोप येत नाही, मित्र गेला आहे, त्याचं गाणं करतोय आणि ते होत नाही. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, तुमच्या मनात मरण्याचा विचार येतो का?

मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. पण फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मी अंधारात तसाच बसून राहिलो. अकरा वर्षांत हा प्रश्न मी त्याला एकदाही विचारला नव्हता. ‘काय रे, तोंड का उतरलं?’ हे शंभरदा विचारलं असेल. तो ‘काही नही’ म्हणायचा आणि आम्ही चहा मागवायचो. थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. ते खरं नाही. थेट विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट माणसाला बोलायला जागा मिळते. ही गोष्ट मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो गेल्यावर, फोनवरच्या अनोळखी बाईंकडून कळली.

आमचं शेवटचं बोलणं बावीस मिनिटांचं. ढोलकीची शाई उडाली होती, ती मढवायला कुठे टाकावी, यावर. तो हसलासुद्धा. त्या बावीस मिनिटांत खूण शोधत मी महिनोन्‌महिने घालवले आहेत. आता नाही शोधणार. गाण्यात तर नाहीच.

16 फेब्रुवारी, त्याच्या गावी

मायकडे, म्हणजे त्याच्या आईकडे, गेलो. शेवभाजी केली होती, मला आवडते म्हणून. जेवताना सांगून टाकलं की मी त्याचं गाणं करतोय. आणि जे पाच महिने गिळून बसलो होतो तेही सांगितलं. गंधमुक्तीच्या दिवशी ती हेल काढून रडत होती, बाया तिला धरून बसल्या होत्या, आणि माझा कान तिचे सूर मोजत होता. षड्ज, रिषभ, कोमल गंधार, पुन्हा खाली षड्ज. पट्टी पांढरी सहा. त्या क्षणी मला माझीच किळस आली होती. ज्याचं जवळचं माणूस गेलं तो असं ऐकतो का?

ती जराही रागावली नाही. म्हणाली, ‘तू रडस का गास, ते तुना गळाले काय माहीत रे भाऊ.’ तिच्या आईनेही नवरा गेल्यावर जात्यावरच रडून घेतलं होतं म्हणे, दळण होईपर्यंत. दळण झालं की उठायची आणि भाकरी टाकायची.

आमच्या या मुलखात हे नवीन नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, आणि शेतात, चुलीशी, जात्यावर त्या बोलत राहिल्या. मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं. मायच्या आईचं कुणी टिपलं नाही.

निघताना मायने एक गोष्ट विचारली. ‘लोके म्हनतस, जीव दिधा. कोनले दिधा?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. परतीच्या एसटीत तेवढंच घोळत राहिलं. आपण जीव लावतो, जीव टाकतो, जीव ओवाळतो. जीव या शब्दापुढचं जवळजवळ प्रत्येक क्रियापद कुणाकडेतरी जाणारं आहे. ‘जीव दिला’ म्हटलं की कानाला ते दान वाटतं, कुणीतरी ते घेतलं असं वाटतं, आणि गाण्यात तर ते आणखीच भव्य होऊन बसतं. त्याने कुणाला काही दिलं नाही. तो नाहीसा झाला आणि मायच्या पदरात काहीच पडलं नाही. हा शब्द गाण्यात येणार नाही. ‘आत्महत्या’ अहिराणीच्या तोंडात बसत नाही, तो पोलीस पंचनाम्यातला शब्द आहे. मग कोणता?

23 फेब्रुवारी

अजून शब्द नाही. कसं आणि कुठे ते का येणार नाही, ते आज लिहून ठेवतो, कारण आमच्या पार्टीतल्या एकाने विचारलं की तेवढं घातल्याशिवाय लोकांना कळणार कसं.

जागतिक आरोग्य संघटनेने बातमीदारांसाठी नियम घालून दिले आहेत: पद्धत सांगू नका, जागा सांगू नका, चिठ्ठी छापू नका, मृत्यूला सुटका म्हणून रंगवू नका, मदत कुठे मिळेल ते मात्र सांगा. कारण असं वर्णन ऐकून, वाचून, आधीच काठावर उभ्या असलेल्या माणसाचा तोल जाऊ शकतो. गाणं तर बातमीपेक्षा खोल जातं, आणि पुन्हा पुन्हा ऐकलं जातं. आमची अहिराणी गाणी यूट्यूबवर लाखोंनी वाजतात, वावरात, ट्रॅक्टरवर, रात्री एकट्याने जागणाऱ्याच्या मोबाइलवर. तो ऐकणारा कोण आहे हे मला कधीच कळणार नाही.

उलटंही घडतं. अमेरिकेत 2017 साली एका रॅपरने तिथल्या मदत-फोनचा नंबर हेच गाण्याचं नाव ठेवलं. मरायला निघालेला माणूस फोन करतो आणि जगतो, असं ते गाणं. 2021 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर अभ्यास आला: गाण्याची सर्वाधिक चर्चा होती त्या 34 दिवसांत त्या नंबरवर अपेक्षेपेक्षा 9,915 फोन जास्त आले आणि आत्महत्या अपेक्षेपेक्षा कमी झाल्या. माझं गाणं तसं नाही, ते शोकाचं आहे. पण खाली 14416 टाकणार.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 2022 चा अहवाल हाताशी आहे. महाराष्ट्रात त्या वर्षी 22,746 आत्महत्या, देशात सर्वाधिक. त्यात त्याचं वर्ष नाही.

9 मार्च, जळगाव

ढोलकी सापडली.

लग्नाच्या कामाची केबल घ्यायला गेलो होतो, आणि सहज म्हणून ढोलकी मढवणाऱ्या चाचांकडे डोकावलो. बावीस मिनिटांच्या त्या फोनमध्ये मीच त्याला यांचं दुकान सुचवलं होतं. फळीवर वर, कापडात बांधून ठेवलेली. लाकडावर कोयरी कोरलेली, तीच. त्याने ती टाकली होती, शंभर रुपये आगाऊ दिले होते, आणि चाचा सहा महिने वाट बघत होते. मी सांगितलं. ते बराच वेळ पान्यावरची धूळ पुसत राहिले. मग ढोलकी खाली काढली, दोन थापा मारून पाहिल्या, पुन्हा चढवली, आणि उरलेले पैसे घेतले नाहीत.

परतीच्या गाडीत ती मांडीवर होती. भुसावळ-सुरत लाइनवर धरणगावच्या पुढे डबा जोरात हलतो, तशी ती आपोआप घुमायची. शेजारच्या म्हातारबाबांनी विचारलं, कुठे कार्यक्रम आहे का? मी हो म्हटलं.

माझ्याकडे ठेवणार नाही. मायकडे पोचवायची.

15 मार्च

धुळवड काल झाली. आज एक वाईट प्रयोग केला, तो नोंदवतो म्हणजे पुन्हा करणार नाही. जुन्या वरातीच्या रेकॉर्डिंगमधून त्याच्या ढोलकीचा आठ मात्रांचा तुकडा कापला, केहरवा, आणि लूप लावला. सुरेख बसला. त्याची धाकटी बहीण अमळनेरलाच दिलेली आहे, तिला बोलावून ऐकवला. ताई पहिल्या आवर्तनाला हसली. चौथ्याला तिचा चेहरा बदलला. सहाव्याला ती उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

मी बाहेर गेलो तेव्हा म्हणाली, ‘दादा, तो असा कधी वाजवत होता का? सारखंच सारखं?’

खरं आहे. तो कधीच एक हात दुसऱ्यांदा तसाच वाजवायचा नाही. मी त्याला मशीन करून टाकला होता. लूप काढला, तुकडा पुसला.

मग तीच बोलत बसली. आखाजीला माहेरी जावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. झोका बांधायचा तोच. निंबाच्या फांदीला, दोर ओला करून, दोनदा स्वतः बसून बघायचा. मी म्हटलं, आखाजीचं एखादं म्हणून दाखव ना. तिने नाही नाही म्हणत म्हटलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. तीनच सूर, फार तर चार. झोक्यावर दम लागत असताना कुणालाही म्हणता यावं एवढीच उंची. मायच्या हेलाचे तेच सूर. चालही नाही बदललेली, फक्त लय.

23 मार्च

शब्द मिळाला. गेले आठ दिवस ताईने म्हटलेलं रोज ऐकतोय. आखाजीची कितीतरी गाणी म्हणजे येण्याची यादी असते: कोण आलं, काय आलं, काय घेऊन आलं. अहिराणीत बाईमाणूस आलं की ‘उनी’, पुरुष आला की ‘उना’. सासरहून लेक येते, बहीण येते, भाची येते. गाणं सगळं उनी, उनी, उनी असं झोके घेत जातं. आणि मायने त्या दिवशी जेवताना सहज म्हटलेलं आठवलं. ढोलकीचा कार्यक्रम असला की तो पहाटे यायचा, तेव्हा तिला दाराची कडी ऐकू यायची. ‘आते कडी वाजत नही. तो उना नही, इतलंच.’

इतलंच. एवढंच गाण्यात म्हणायचं. गेला म्हटलं की का आणि कसा हे येतं. आला नाही म्हटलं की फक्त त्याची जागा राहते.

मुखडा असा झाला:

आखाजी उनी रे भाऊ, आखाजी उनी
झोकावर बठाले बहीन उनी
डांगरस्नी गाडी उनी, कैऱ्यास्नी पाटी उनी
वाट दखी दखी सांज उनी
तूच एक उना नही

सगळ्या ओळी स्त्रीलिंगी, शेवटची तेवढी त्याची. हे मी ठरवून केलं नाही, भाषेतच होतं.

6 एप्रिल

लग्नसराई. सात दिवसांत चार हळदी. गाण्याला हात नाही.

13 एप्रिल

अंतरा. एकच ठेवणार. त्याच्यावर काय लिहायचं यावर खूप कागद वाया गेले, शेवटी आमचं भांडण लिहिलं. त्याची लय चढायची. अंतरा आला की हमखास. मी बँजोवरून डोळे वटारायचो, ‘हळू!’ म्हणायचो, तो मान डोलवायचा आणि आणखी चढवायचा. अकरा वर्षं.

तुनी लय चढे, मी ‘हळू’ म्हनू
तू मान डोलाईसन आनखीन चढे

यात मेलेल्या माणसाचं काही नाही, असं पार्टीतला एक म्हणाला. मला वाटतं यातच तो आहे.

20 एप्रिल

रेकॉर्डिंग. दुपारी पारा 43 च्या वर, पंखा बंद करून काम, कारण पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो. ढोलकी त्याचीच, वाजवायला त्याचा शागीर्द, अठरा वर्षांचा पोरगा. पोरगा ढोलकीला हात लावायला तयार नव्हता. आधी नमस्कार केला, मग बराच वेळ नुसता मांडीवर घेऊन बसला.

कानात क्लिक, म्हणजे लय धरायचा ठोका, लावला होता, मिनिटाला 88 चा. पहिले तीन टेक अगदी मापात आणि अगदी कोरडे. चौथ्या वेळी मीच क्लिक बंद केला. मुखडा 88 लाच चालला. अंतऱ्यात पोरगा चढला, शेवटी 94 च्या आसपास पोचला असेल. त्याला कळलं, तो थांबून माझ्याकडे बघायला लागला, रागावतो की काय म्हणून. उस्तादाकडून उचललेली खोड. मी म्हटलं, थांबू नको.

पाचवा टेक ठेवला. गळा माझाच आहे. दोन ठिकाणी फाटला आहे, दुरुस्त केलेला नाही. मायचं रडणं मी कधीही रेकॉर्ड केलं नाही आणि करणार नाही. तिच्याकडचे तीन सूर तेवढे घेतले आहेत, तिला विचारून.

30 एप्रिल, आखाजी, त्याच्या गावी

सकाळी ढोलकी घेऊन पोचलो. ताई आदल्या दिवशीच आली होती. घरात खापरावर मांडे चालू होते, आमरस, कुरडया, सगळं रीतसर. घागर नवी, मातीची. तिच्या तोंडावर छोटं मडकं, त्यावर डांगर (खरबूज), दोन सांजोऱ्या, एक आंबा. आप्पांनी हळदकुंकू लावलं आणि पितरांच्या यादीत पहिल्यांदाच मुलाचं नाव घेतलं. आजोबा, पणजोबा, मग तो. नावाशी आले आणि आवाज अडकला. मागे उभ्या ताईने ते पूर्ण केलं. आगारी, म्हणजे विस्तवावरचा नैवेद्य, टाकली तेव्हा मायने त्याला आवडायचं म्हणून कळण्याच्या भाकरीचा तुकडाही टाकला, सणाच्या नैवेद्यात तो बसत नसतानाही.

झोका या वेळी गल्लीतल्या पोरांनी बांधला. दोर ओला करायला त्यांना ताईने सांगितलं.

दुपारी सगळे पांगल्यावर मायला मोबाइलवर गाणं ऐकवलं. ती पदराचं टोक दातांत धरून ऐकत होती. अंतऱ्याला हसली, ‘हाऊ तेच करे,’ म्हणाली. संपल्यावर पुन्हा लाव म्हणाली. तिसऱ्यांदा झाल्यावर ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलेल्या ढोलकीकडे बोट दाखवून म्हणाली, ‘इले इसरना तू.’

मला कळेना. तिने म्हणून दाखवलं, मुखड्याच्या चालीत, सांजेच्या ओळीनंतर, तिच्या पांढरी सहामध्ये:

ढोलकी उनी रे भाऊ, ढोलकी उनी

आणि मग शेवटची ओळ ती म्हणाली नाही. माझ्याकडे बघितलं. मी म्हटली.

4 मे, अमळनेर

मायची ओळ घातली. ती मायच्या आवाजात घालू का, असं फोनवर विचारलं. नको म्हणाली, तूच म्हन. पोरगा पुन्हा येऊन एक आवर्तन वाजवून गेला; ढोलकी या वेळी दुसरी होती, त्याची आता घरीच राहील.

गाणं तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं झालं. कुठे टाकायचं ते मायने आणि ताईने ठरवायचं आहे. टाकलंच तर खाली 14416 असेल, त्याचा फोटो नसेल.

फाइलचं नाव बदललं.